तिसरं कापड

फोन वाजला तेव्हा मी ओट्याशी भाजी चिरत होते. नंबर परदेशातला, लांबलचक, अनोळखी. मी तो वाजू दिला. थांबला, परत वाजायला लागला, तरी मी जागची हलले नाही. अबेना आंटींचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि तिकडून काहीच कळलं नव्हतं. फोन उचलेपर्यंत काही झालेलं नाही, असं काहीतरी मनाशी घट्ट धरून मी उभी होते... शेवटी माझ्या मुलीने, ईशाने उचलला. आधी जपानीत बोलली, मग इंग्रजीत, आणि माझ्याकडे बघत तिने फोन पुढे केला. घानातल्या कुमासीहून आंटींची धाकटी मुलगी बोलत होती. आवाज अगदी शांत. आई पहाटे गेली, म्हणाली. शुद्धीवर आलीच नाही. मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर गॅस बंद आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते, एवढं मात्र आठवतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आंटी माझ्या कोणी नात्यातल्या नव्हत्या. त्या घानाच्या, मी पुण्याची, आणि आमची गाठ पडली टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत. त्या वर्षांत भारतातून सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती. वसाहतीत लिफ्टमध्ये तेलुगू, तमिळ, हिंदी ऐकू यायचं, मराठीही अधूनमधून. माझा नवरा मिहिर त्यातलाच एक. आमचं घर अकराव्या मजल्यावर, आणि त्याच मजल्यावर दोन दारं सोडून आंटी. त्यांचे यजमान जुन्या गाड्या आफ्रिकेला पाठवणाऱ्या एका कंपनीत होते आणि आंटी बालवाडीत इंग्रजी शिकवायच्या. कामावर जाताना करडा स्कर्ट आणि जाकीट. पण रविवारी चर्चला निघाल्या की अख्खी लिफ्ट उजळून जायची. फुगीर बाह्यांचं घट्ट ब्लाउज, टाचेपर्यंत उतरणारा अरुंद स्कर्ट, आणि त्याच छापाचं तिसरं, न शिवलेलं कापड खांद्यावरून सोडलेलं किंवा कमरेला गुंडाळलेलं. मी नवी होते, जरा बिचकतच त्यांना ‘हॅलो’ म्हणायचे. ओळख तेवढीच.

ईशा झाली तेव्हा आई आली होती. व्हिसा संपला, आई परत गेली, आणि मिहिर क्लायंटच्या ऑफिसात अडकलेला. दिवसभर घरात मी आणि बाळ. एका दुपारी तिला खांद्याशी धरून मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली पार्किंगमधल्या गाड्या खेळण्यातल्यासारख्या दिसत होत्या. आणि एकदम डोळ्यांसमोर चित्र आलं, की माझे हात उघडले आहेत. बाकी काही नाही, फक्त उघडलेले हात... मी आत आले, दार लावलं, पडदा ओढला. वाटलं, झोप नाही म्हणून असेल. पण ते चित्र दुसऱ्या दिवशी परत आलं आणि मग जाईचना. पुढे सुरीची भीती वाटायला लागली, मग आंघोळीच्या टबाची. सुऱ्या मी सगळ्यात वरच्या फळीवर टाकल्या. ओले कपडे बाथरूममध्येच लटकायला लागले, त्यांना कुबट वास यायचा. ईशाला खोलीच्या मधोमध चटईवर निजवायचं आणि आपण लांब, भिंतीला पाठ लावून, हात मांडीखाली दाबून बसायचं. दूध पाजायला जवळ घेतली की श्वास रोखून पाजायची आणि लगेच खाली ठेवायची. ती रडायची. मीही.

मिहिरला सांगितलं नाही. काय सांगणार होते? की मला आपल्या मुलीची भीती वाटत नाही, माझी वाटते? तो मला वेडी समजेल, बाळ काढून घेऊन मला पुण्याला धाडून देईल, हीच एक धास्ती. वॉर्ड ऑफिसची नर्स घरी येऊन गेली, बाळाचं वजन केलं, माझ्याकडे बघून काही अडचण आहे का विचारलं. मी ‘दाइजोबु’ म्हणाले. तो शब्द मला छान यायचा. सगळं ठीक आहे.

मग एका सकाळी आंटींनी दार वाजवलं. सुट्टी होती त्यांना, खांद्यावर रविवारसारखं न शिवलेलं कापड होतं. मी साखळी न काढता फट उघडली. बाळ फार वेळ रडतंय, मी आत येऊ का, असं त्यांनी विचारलं. नको म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. आत येऊन त्यांनी सगळं पाहिलं... ओढलेले पडदे, बाथरूमच्या दारातून दिसणारे ओले कपडे, खोलीच्या मधोमध एकटी ईशा. विचारलं मात्र काहीच नाही. वाकल्या, पोरीला उचललं, छातीशी धरून फिरल्या. ती शांत झाल्यावर माझ्याकडे द्यायला लागल्या, तशी मी मागे सरकले. भिंतीला टेकले.

“माझ्या हातात देऊ नका,” मी म्हणाले.

“का गं?”

“माझे हात सुटतील. किंवा मीच सोडीन. बाल्कनीतून.”

हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बोलल्यावर वाटलं, आता आंटी पोरीला घेऊन बाहेर जातील आणि कोणाला तरी फोन करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. असं काही मनात येऊ नये, असंही म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तर मग हातांचं कामच काढून टाकू.”

त्यांनी मला वाकायला सांगितलं, ओणवं. ईशाला माझ्या पाठीवर पालथं ठेवलं, एका हाताने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचं ते तिसरं कापड तिच्यावरून घेतलं. माझ्या काखांखालून पुढे आणून छातीवर घट्ट ओढलं, टोक दुमडून आत खोचलं. खालची कड पोरीच्या बुडाखालून घेऊन पोटावर तशीच आवळली. गाठ नाही, पिन नाही. मला सरळ उभं केलं. ईशाचा गाल माझ्या पाठीला चिकटला होता, श्वास लागत होता.

“आता ती तुझ्या हातात नाहीच,” त्या म्हणाल्या. “सोड हात.”

मला धीर होईना. त्या समोर उभ्या राहिल्या, पण मला धरलं नाही. मी हात बाजूला केले. काही झालं नाही. वर केले. काही झालं नाही... ईशा झोपली होती.

एका कापडाने भीती गेली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पाठीवर बाळ बांधलेलं असताना मला हात मोकळे मिळायचे, श्वास घेता यायचा, बस. सोडलं की भीती परत हजर. हे आंटींनाही कळत होतं. माझ्याजवळ कापड आहे, औषध नाही, असं त्यांनीच म्हटलं आणि दवाखान्यात जायचं ठरवलं. त्याआधी मिहिरला सांगायला लावलं, स्वतः शेजारी बसून. त्याने सगळं ऐकून आंटींना एवढंच विचारलं, की ते कापड बांधायचं कसं, मला शिकवाल का. पुढे कितीतरी रविवारी तो ईशाला पाठीवर बांधून स्टेशनापर्यंत फेरी मारायचा आणि रस्त्यातल्या म्हाताऱ्या बायका ‘ओम्बु, ओम्बु’, म्हणजे पाठुंगळी, म्हणत कौतुक करायच्या. त्यांच्याकडेही मुलं पाठीवर अशीच वाढलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की अशी चित्रं पुष्कळ बाळंतिणींना दिसतात, त्या ती कोणाला सांगत नाहीत, आणि भीती वाटणं म्हणजे तसं करावंसं वाटणं नव्हे. आंटींनी माझ्याबरोबर तिथे बसून एकेक वाक्य जपानीतून इंग्रजीत करून दिलं. गोळ्या सुरू झाल्या. बरं व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात आंटी कामावरून आल्या की आधी माझं दार वाजवायच्या. ईशा शुक्रवारची, म्हणून त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिला आफुआ म्हणायच्या.

त्या दिवसांत त्यांच्या खोलीत बसून मी कापडांबद्दल ऐकलं. त्यांच्याकडे प्रत्येक छापाला नाव असतं. माझ्या पाठीवर बांधलेल्या कापडाचं नाव ‘कासवाची पाठ’. बाई कापड घेते ती काहीतरी घडलं म्हणून. कोणाचा जन्म, कोणाशी भांडण, कोणाची सवत... आणि नेसून बाहेर पडली की बघणाऱ्याला न बोलता कळतं. कुमारिका दोनच कापडं घालते. तिसरं येतं ते संसारात पडल्यावर. ते न शिवलेलंच ठेवायचं, कारण कशाला लागेल सांगता येत नाही. मूल बांधायला, थंडी वाजली तर पांघरायला, कोणी पडलं तर खाली अंथरायला, रडताना तोंडावर घ्यायला. मी म्हटलं, आमच्याकडे याला पदर म्हणतात, फक्त तो आम्ही कापून वेगळा करत नाही. हे त्यांना इतकं आवडलं की पुढे माझ्या साडीचा पदर हातात घेऊन दाखवायच्या आणि आपल्या मैत्रिणींना तो शब्द म्हणून दाखवायच्या, ‘पादार’.

त्यांनाही भीती होती. दोन्ही मुली कुमासीत आजीजवळ वाढत होत्या आणि परत जाऊ तेव्हा त्या आपल्याला पाहुणी समजतील, असं त्यांना वाटायचं. हे मला त्यांनी भूकंपाच्या एका दुपारी सांगितलं, जिन्यात खाली बसून, इमारत हलायची थांबल्यावरही कठडा न सोडता. दोन वर्षांपूर्वी त्या परत गेल्या. मुलींनी त्यांना पाहुणी समजलं नाही. पण मग हृदयाचं दुखणं निघालं.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांचा फोन आला होता. त्यांची सकाळ, माझी संध्याकाळ. इकडचं तिकडचं बोलल्या, आफुआ काय करते विचारलं. मग म्हणाल्या, “मला फार भीती वाटते.” घाबरू नका, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी ते म्हटले नाहीत. मी इथेच आहे, फोन ठेवत नाही, एवढंच म्हटलं. मग आम्ही दोघी गप्प. तिकडून कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज, इकडे खिडकीबाहेर वॉर्ड ऑफिसच्या भोंग्यावर रोज वाजणारी संध्याकाळच्या पाचची धून. तिकडे त्यांना न्यायला नर्स आली तोपर्यंत आम्ही तशाच होतो...

गेल्या रविवारी इथल्या घानाच्या मंडळींनी फुनाबोरीजवळ एका हॉलमध्ये त्यांच्यासाठी सभा ठेवली. त्याआधी कुमासीहून येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर आंटींच्या मुलींनी माझ्यासाठी पुडकं पाठवलं. त्यात काळं कापड होतं, त्यावर गडद लाल छाप. मला काळ्याची लहानपणापासून धास्ती, आमच्या घरी शुभकार्यात काळा दोराही चालायचा नाही. ते अंगावर घेऊन जिवंत मुलीचा हात धरून घराबाहेर पडायचं होतं. तरी पांढऱ्या साडीवर ते मी खांद्यावरून घेतलं. हॉलमध्ये सगळे काळ्या-लाल कपड्यांत, ढोल इतका मोठ्याने की छातीत धडधडत होतं. मी शेवटच्या रांगेतली खुर्ची धरली. कोणाला काय सांगणार होते मी, की मी त्यांची कोण?

एक वयस्क बाई जवळून जाता जाता थांबल्या. माझ्या खांद्यावरच्या कापडाची कड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली. असाच छाप पुढच्या भिंतीशी बसलेल्या चार-पाच जणींच्या अंगावर होता, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हे घरच्यांचं कापड आहे, तू इथे का बसलीस? आणि मला नि ईशाला उठवून त्यांनी पुढे नेलं, त्या बायकांच्या ओळीत बसवलं. मग लोक उजवीकडून एकामागून एक यायला लागले, ओळीतल्या प्रत्येकीचा हात हातात घेत, सांत्वनाचा त्यांचा शब्द हळू म्हणत. माझे हात कुठे ठेवावे हे कळायच्या आत पहिल्या माणसाने ते धरले. ईशाने माझ्याकडे बघून जपानीत विचारलं, मी पण? मी मान डोलावली. तिने हात पुढे केला, आणि पुढच्या माणसाने वाकून तोही हातात घेतला.