न पडलेलं फूल

आमच्या अत्तेंना काहीही ठरवायचं असलं की अंबाभवानीच्या खांद्यांवर फुलं चढतात. अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई, जयलक्ष्मी. म्हैसूरच्या रीतीनं मी त्यांना अत्तेच म्हणते. पितळी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं जाईचं फूल लावायचं आणि समोर बसायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. कुवेंपुनगरचं घर, राघवेंद्रची गाडी, सगळं फुलाला विचारून. माझं साताऱ्याचं स्थळसुद्धा! "उजवं फूल टपकन पडलं," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. मी म्हणते, अत्ते, त्या दिवशी पंखा चालू असणार. त्यावर त्या हसून "बिडू गे" म्हणतात, म्हणजे सोडून दे.

गेल्या आठवड्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मामंजी, म्हणजे नरसिंगराव, इस्पितळात होते. हृदयाची झडप पार निकामी झालेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर टेबलावरच बरंवाईट होऊ शकतं, नाही केलं तर महिनाभरही कठीण, संध्याकाळपर्यंत सांगा. राघवेंद्र, माझा नवरा, तिथंच बसलेला आणि फोनवर त्याचा एकच धोशा, "आई हो म्हणाली तरच." आणि मामंजी? "तिला विचारा," एवढं म्हणून डोळे मिटून पडलेले. उभ्या संसारात हा माणूस कधी चार वाक्यं सलग बोलला नाही, तो आता काय बोलणार!

म्हणजे सगळं ओझं अत्तेंवर. सकाळीच आंघोळ करून त्यांनी फुलं लावली आणि बसल्या. देवघरातलं ऊन सरकत सरकत स्वयंपाकघरात गेलं, फुलं जागची हलली नाहीत. जेवण नाही, कॉफीसुद्धा नाही. ओठ तेवढे हलत होते, "बोल गे आई, काही तरी बोल." मला आधी कीव आली, मग संताप आला. तिकडे माणूस श्वासाला महाग झालाय आणि इथं आम्ही फुलाकडे टक लावून बसलोय! ऑपरेशन करायलाच हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ते मी म्हणावं आणि मामंजी टेबलावरच गेले तर? तेवढी छाती माझीही नव्हती.

अत्ते तोंडावर पाणी मारायला उठल्या आणि मी उजव्या फुलाला टिचकी मारली.

"अत्ते, पडलं! उजवं पडलं!"

त्या धावत आल्या नाहीत. पदरानं तोंड पुसत सावकाश आल्या आणि फूल कुठं आहे ते पाहिलं. ते देव्हाऱ्यापासून पार उंबऱ्याशी जाऊन पडलं होतं. लहानपणापासून कॅरम खेळलेली मी, टिचकी जरा जोरातच बसली होती.

"अय्यो, चैत्राली," त्या म्हणाल्या, "आई फूल टाकते तेव्हा पायाशी टाकते. उंबऱ्यापर्यंत फेकत नाही."

आता चांगलीच बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण त्या मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. "भीती वाटते गे मला. हो म्हटलं तरी भीती, नको म्हटलं तरी भीती. तिनं सांगितलं असतं तर माझ्या डोक्यावर आलं नसतं. अन् ती बघ, सुम्ने बसलीय." सुम्ने म्हणजे गप्प.

एरवी बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. त्या दिवशी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.

मग त्याच बोलल्या. "आमची चंदना गेली तेव्हा..." चंदना त्यांची थोरली लेक, मी या घरात यायच्या कितीतरी आधी तापानं गेलेली. "तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. सगळे येऊन बोलायचे, देवाची इच्छा अन् काय काय. हे मात्र खुर्ची घेऊन माझ्या पाठीशी बसले. एक शब्द नाही. मी चिडून म्हटलं पण, दगड आहात काय? तरी सुम्ने. पण जरा हलले की खुर्ची करकरायची, अन् मला कळायचं, आहेत."

उंबऱ्याजवळचं फूल त्यांनी उचललं, डाव्या खांद्यावरचंही काढलं आणि दोन्ही अंबाभवानीच्या पायांवर ठेवली.

"ही पण तशीच," त्या म्हणाल्या. "असू दे. राघूला फोन लाव."

फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि "करा म्हणावं" हे स्वच्छ सांगितलं.

ऑपरेशन झालं. मामंजी टेबलावरून परत आले, पण अजून शुद्धीवर नाहीत. डॉक्टर धड हो म्हणत नाहीत, धड नाही म्हणत नाहीत. राघवेंद्र फोन वाजला की दचकतो, आणि खरं सांगायचं तर मीही दचकते.

काल भेटीच्या वेळेत अत्ते खाटेशी स्टुलावर बसल्या होत्या, गप्प. मला राहवेना. म्हटलं, "अत्ते, बोला ना त्यांच्याशी. बेशुद्धीतही ऐकू येतं म्हणतात."

त्यांनी नुसती मान हलवली. मग बसल्या बसल्याच ते लोखंडी स्टूल मुद्दाम जरासं मागं सरकवलं. फरशीवर करकर आवाज झाला, नर्सनं वळून रागानं पाहिलं.

"कळलं असेल त्यांना," अत्ते म्हणाल्या.