वसंतकाकांचा गुडघा आणि मधली पिशवी

"तुह्या एक्सटेंडरनं काही फरक नाही पडला गा, दिलीप. विकून टाकतो गाडी."

वसंतकाका असं म्हणाले आणि माझ्या हातातला पाना हातातच राहिला. हुडकेश्वरला माझं टू-व्हीलरचं वर्कशॉप आहे आणि काकांची अवजड टूरिंग गाडी म्हणजे माझी सगळ्यात लाडकी. काकांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. जन्म गादीवर मांडी घालून गेला, त्यामुळे गुडघा धरतो. मुलानं बजावलं होतं, गुडघा सुधरला नाही तर गाडी काढून टाका. गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं पठ्ठ्यानं.

म्हणून तर मी फ्लोअरबोर्ड एक्सटेंडर बसवले होते. या गाडीला पाय ठेवायला दोन्ही बाजूंना रुंद पाटी असते, तो फ्लोअरबोर्ड. गाडी आणि पाटीच्या मध्ये जाड ब्रॅकेट टाकून पाटी पुढे सरकवायची, म्हणजे गुडघा कमी दुमडतो. मग ब्रेकचं पेडलही पुढे न्यावं लागतं, नाहीतर पाय एकीकडे आणि ब्रेक दुसरीकडे. तेही निगुतीनं केलं होतं. काकांना सीटवर बसवूनच माप घेतलं होतं.

"बसा बरं," मी म्हणालो. बसले. पाय ऐसपैस.

"दुखते?"

"आता काहून दुखन?"

"मग कधी दुखते?"

"भिवापूरले जाताना. उमरेड येत नाही तं ठणकाले लागते."

भिवापूरला त्यांची शेती. दर रविवारी नवरा-बायको जातात.

मी सस्पेन्शन बघितलं, हँडल बघितलं. चूक सापडेना. काम वाया गेल्याचा राग होताच, पण खरं सांगतो, ती गाडी दुसऱ्या कोणाच्या बुडाखाली मला बघवली नसती.

शेवटी म्हणालो, "काका, रविवारी निघता तसेच या. काकूंना घेऊन."

आले, आणि मला गेटपासूनच कळलं. काका टाकीला चिकटलेले, गुडघे पार वर. मागे मंदाकाकू. आणि दोघांच्या मध्ये गच्च दाबून उभी केलेली शिदोरीची पिशवी! सलग सीटवर तिनं काकांना वीतभर पुढे ढकललं होतं. मी पाटी सरकवली होती त्याहून जास्त.

"काकू, पिशवी बाजूच्या पेटीत ठेवा नं."

"अन् रस्सा सांडला तं? आजवर थेंब नाही सांडला माह्या डब्यातला."

मी कपाळाला हात लावला. काकूंशी वाद घालण्यापेक्षा वेल्डिंग सोपं. मागच्या कॅरियरवर डब्याच्या मापाची लोखंडी चौकट ठोकून दिली, आतून रबर लावलं. डबा हलणार नाही. मधली पिशवी हटली, काका मागे सरकले, पाय सुटले.

काकू मात्र अवघडून बसल्या. "आता मी धरू कायले?"

"मले धर नं वं," काका म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

सोमवारी फोन आला. "पोराले सांगतलं, गाडी नाही विकत."

"अन् गुडघा?"

"गुडघा? अरे हो, तोही बरा आहे."

तेव्हापासून मी एकट्या माणसाचं माप घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, गुडघा माझा आहे. मी म्हणतो, असेल. पण बायकोला आणा, पिशवीसकट.