बिअर कुणाच्या हातची

कॅनडात कोक्विटलामच्या आमच्या बेसमेंटमध्ये बिअर करायचे मी आणि कौतुक व्हायचं नवऱ्याचं. दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची गोष्ट. पाहुणे ग्लास तोंडाला लावायचे आणि त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. हा गृहस्थही असा लाजून हसायचा की बघत राहावं.

तेव्हा मी किटची बिअर करायचे, म्हणून मला फारसं लागत नव्हतं. किट म्हणजे डब्यातला काकवीसारखा पाक गरम पाण्यात कालवायचा, साखर घालायची, वर पुडीतलं यीस्ट टाकायचं आणि बादलीला झाकण लावायचं. उपमा करायला याहून जास्त अक्कल लागते. डबेवाल्या कंपनीचं श्रेय नवऱ्याने घेतलं तर माझ्या बापाचं काय जात होतं?

पण मग मला स्वतःच्या रेसिपीची हुक्की आली. बिअरसाठी बार्लीला मोड आणून ती वाळवतात, हे वाचलं आणि मला हसूच फुटलं. अगं बाई, हे तर सत्त्व! दोन्ही मुलांना मी नाचणीचं सत्त्व भरवून वाढवलंय. आता मला मोड आणायला गोरे शिकवणार?

नाचणी भिजवली, फडक्यात बांधली, झकास मोड आले. मग वाळवली आणि, सत्त्वासाठी भाजतात तशीच, खमंग भाजली. तिथेच माती खाल्ली. यीस्ट घातलं, आठवडा गेला, बादलीत एक बुडबुडा येईल तर शपथ. धान्यातल्या पिठाची साखर करणारं जे काही मोडात तयार होतं, ते मी तव्यावर मारून टाकलं होतं. बाळाच्या पेजेला ते चालतं, बिअरला नाही. दुसऱ्या खेपेला नाचणी भाजलीच नाही. हीटिंगच्या व्हेंटसमोर पसरून वाळवली, निम्मी बार्ली मिसळली आणि काय सांगू, बिअर अशी उतरली की मीच माझ्यावर खूश!

लाँग वीकएंडला जेवायला लोक बोलावले. नवऱ्याला आधीच बजावलं, "या वेळी सांगायचं हं, हिने केलीय म्हणून."

"अगं, सांगेन की!"

पाहुण्यांत एक काका होते. रिटायर्ड डॉक्टर, आमच्या सगळ्यांच्या आधी कॅनडात आलेले. पिण्याच्या बाबतीत आमच्या मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "वा! काय हात आहे रे तुझा!"

"कसचं कसचं, काका! नाचणी भाजायची नाही, तेवढीच खरी गोम."

माझी फसलेली बादली ही याची गोम! मी पापडांचं ताट टेबलावर आपटलंच. "काका, ती मी केलीय."

"हो गं, तुझी मदत असणारच," काका प्रेमाने म्हणाले आणि आपल्या अ‍ॅनिव्हर्सरीसाठी त्यांनी नवऱ्याकडे एक पेटी मागितली. त्याने ती देऊनही टाकली, म्हणजे तोंडाने.

दुसऱ्या दिवशी मी नाचणीची पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "घ्या. काकांना शब्द दिलाय ना?" त्याने ऐटीत नाचणी भिजत घातली आणि विसरला. दोन-तीन दिवसांनी असा वास सुटला की मुलगी जिन्यातूनच ओरडली, "डॅड, समथिंग डाइड डाउन देअर!"

मी हाताची घडी घालून उभी. बिचाऱ्याने काकांना फोन लावला, तोही स्पीकरवर, माझ्यासमोर. "काका, खरं सांगतो, ती बिअर हिचीच. सगळी. मला नाचणीला मोडसुद्धा आणता येत नाहीत."

काका म्हणाले, "तरीच! मी त्या दिवशी बोललो नाही, पण जरा कडू कमीच होती रे."

नवऱ्याचा चेहरा पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बिअरवर डोळे मिटले होते, ती माझी निघाल्याबरोबर कमी पडली! पण खरं सांगू? त्या रागात मला आनंदही झाला. काकांनी पहिल्यांदाच माझ्या बिअरला, माझी म्हणून, नावं ठेवली होती.