पिल्लांवरची मरळ

सटवाजी भोई पिल्लांवरची मरळ कधी धरत नसे. श्रावणात मरळीची तांबडीलाल पिल्लं थव्यानं पाण्यावर तरंगतात आणि आईबाप खालून राखण करतात. गळाला लावलेला बेडूक समोर दिसला की मरळ रागानं झडप घालते, सहज अडकते. पण जिंतूरकडच्या त्या डोंगरतळ्यावर भोयांची एवढी एक आण होती.

निजामाचा अंमल होता. गावचा व्यंकटराव देशमुख म्हणाला, "पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाची दावत हाय. मोठी मरळ पायजे."

सटवाजी नाही म्हणाला. मग दारात शिपाई येऊन उभा राहिला.

भर दुपारी त्यानं पिल्लांत गळ टाकला. त्याची बायको बायनाबाई बांधावरच होती. दोर ताणला, तसा सटवाजीनं तो मनगटाला गुंडाळला आणि पाय घसरून तो शेवाळाखाली गेला. पाणी थोडं हललं, निवळलं. भोयांनी दिवसभर जाळी ओढली. ना माणूस सापडला, ना मासा.

त्यानंतर बायनाबाई तळ्यावर गेली की पिल्लांचा थवा तिच्या पायाशी यायचा. मरळ दम घ्यायला वर येते तेव्हा 'गुळुक' वाजतं. पण थव्याखालून येणारा हा आवाज तसा नव्हता. बुडी मारून वर आलेला माणूस धापा टाकतो, तसा होता. ती बांधानं चालली की तोही पाण्यातून सोबत चालायचा.

घरी सासू दगडाबाई विचारी, "आज आला का?"

"आला."

बायनाबाईनं कुंकू पुसलं नव्हतं.

एका दुपारी व्यंकटराव स्वतःच गळ घेऊन आला. दावत हुकल्याचा राग होता.

"मालक, तिथं नगा टाकू," बायनाबाई म्हणाली.

"माशाला भ्यायलीस व्हय?"

गळ पडला. पिल्लं बाजूला सरली आणि दोर ताठ झाला. मासा हिसके देतो. हे ओढणं वेगळंच होतं. विहिरीतून पोहरा शेंदावा तसा हातावर हात टाकून कुणीतरी दोर खाली घेत होतं, सावकाश. व्यंकटरावाच्या मनगटाला फास बसला. तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला, मग कमरेपर्यंत.

आणि बायनाबाईनं तो धापा टाकण्याचा आवाज ऐकला, अगदी जवळून.

"सोडा त्याला," ती पाण्याकडं बघून म्हणाली. "आवं, सोडा. लेकराबाळाचा हाय त्यो."

ओढ थांबेना. तिनं पाण्यात उतरून कमरेला खोचलेल्या विळ्यानं दोर कापला. तुटलेलं टोक घाई न करता खाली गेलं.

व्यंकटराव वाचला; पुन्हा तळ्याकडं फिरकला नाही. पोळा झाला, पिल्लं मोठी होऊन पांगली. बायनाबाई रोज बांधावर उभी राहायची. पाणी गप्प होतं.

"आज?" दगडाबाईनं विचारलं.

"न्हाई, आत्याबाई. गेले ते."

सासूनं पदराच्या टोकानं तिचं कुंकू पुसलं. तेव्हा कुठं बायनाबाई रडली.