हरकतींसाठी साठ दिवस

“वो इंदौरवाले काका आ गए. बाफले अभी घी में मत डालना,” मंडपामागे आचारी आपल्या माणसाला म्हणाला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकांनी सत्कार झाल्यासारखी मान हलवली. इंदूरबाहेर हातोदजवळ एका शेतात लोकसुनावणी होती. रसायनांच्या एका कारखान्याला वाढायचं होतं, कोळशाचा नवा बॉयलर बसवायचा होता, आणि कायद्याप्रमाणे त्याआधी लोकांना चार शब्द बोलू द्यायचे होते. चार शब्द झाले की जेवण, डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले. काका आले की चाराचे चारशे होतात, ही बातमी आचाऱ्यापर्यंत पोचलेली होती.

सरकार जे छापतं ते सगळं खरोखर वाचणारा माणूस या देशात एकच आहे, आणि तो इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. नात्याने काका आमचे कोणी नाहीत. एका कापडगिरणीत बॉयलरवर त्यांची नोकरी झाली, गिरणी बंद पडली, आणि रिकाम्या हातांना राजपत्राचा नाद लागला. पर्यावरणाचा नवा नियम करायचा तर सरकार आधी मसुदा छापतं आणि त्यात लिहितं, की कोणाही व्यक्तीची हरकत किंवा सूचना असेल तर ती साठ दिवसांत कळवावी. हे वाक्य सगळे ओलांडून पुढे जातात. काकांना ते दारात येऊन दिलेलं आमंत्रण वाटलं. “कोणीही व्यक्ती म्हणजे कोण? मीच की!” असं म्हणत ते कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आले आणि मला म्हणाले, “राजपत्राची हिंदी मला समजत नाही, अंग्रेजी मला येत नाही. तू कॉन्व्हेंटवाली. चल, बैठ.” तेव्हापासून त्यांच्या हरकती इंग्रजीत मी लिहिते. सही त्यांची. मला ते सोयीचं आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी माइक बंद ठेवते, दुकानात वस्तूकडे बोट दाखवते. पण काकांच्या नावावर दिल्लीच्या सचिवांना ‘आमचा याला तीव्र विरोध आहे’ असं बेधडक लिहून मोकळी होते.

या साठ दिवसांची काकांना सवयच लागली. गल्लीच्या फाटकाला निळा रंग द्यायचं ठरलं, तर त्यांनी भिंतीवर मसुदा चिकटवून हरकती मागवल्या. साठ दिवसांत एकच हरकत आली, तीही त्यांचीच, आणि सुनावणी घेऊन त्यांनी ती फेटाळली. मला बघायला देवासहून पाहुणे आले, तेव्हा काका सहज डोकावले आणि बैठक ऐकून म्हणाले, “प्रस्ताव चांगलाय. पण एकदम फायनल करू नका. हरकती-सूचनांना साठ दिवस ठेवा.” पाहुणे चहा अर्धा टाकून गेले आणि त्यांचा फोन काही आला नाही. आई महिनाभर काकांशी बोलली नाही. मी काकांना त्या महिन्यात दोनदा शिरा नेऊन दिला. शिरा कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मोठ्या कारखान्यांनी हरितगृह वायू किती सोडावेत, याच्या नियमांचा मसुदा निघाला तेव्हा तर त्यांच्या घरी सणच. पण ती मर्यादा दर टन मालामागे होती, आणि तिथे काका अडले. भर दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले, “वहिनी, समजा तुम्ही दर पोळीमागे गॅस कमी जाळला, पण पोळ्या दुप्पट केल्या. सिलिंडर लवकर संपेल की नाही?”

“पोळ्या दुप्पट कोण खातंय, ते आधी सांगा,” आई म्हणाली. काका त्या वेळी तिसरी पोळी खात होते. तो मुद्दा, आईच्या उत्तरासकट, हरकतीत गेला. आईचं उत्तर मी इंग्रजीत जरा सौम्य केलं.

धूर दिसला की मात्र त्यांना कागद लागत नाही. स्नेहलतागंजमधल्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरत होता आणि काका भटारखान्यात हलवायाला शिकवत होते, “धूर काळा म्हणजे हवा कमी. भट्टीचं तोंड उघड, भिया!” हलवाई घाम पुसत म्हणाला, “काकाजी, आप लड़केवालों की तरफ से हो, लड़कीवालों की तरफ से हो, या धुएँ की तरफ से?” काकांनी क्षणभर खरंच विचार केला.

सुनावणीच्या दिवशी हातोदला जाताना रिक्षात त्यांनी कारखान्याचा अहवाल मांडीवर घेतला होता. बाहेर बघत म्हणाले, “काय है ना बेटा, इतकी वर्षं मी कोळसा घातला. सगळा धूर वर गेला. किती गेला, कोणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं.” मग मांडीवरचा अहवाल थोपटून म्हणाले, “आज एकच सवाल. तो कागदावर चढला पाहिजे, बस.”

सवाल साधा होता. कारखान्याच्या अहवालात एका पानावर कोळसा रोज किती जळणार ते लिहिलं होतं, आणि हरितगृह वायूंच्या पानावर एकच शब्द होता, नगण्य. आपली पाळी आल्यावर काकांनी माइक हातात घेऊन विचारलं, “इतना कोयला जलेगा, तो ये नगण्य कैसे हुआ? गिनकर बताइए.” मंचावरच्या अध्यक्ष साहेबांनी मान डोलावली, शेजारच्या कारकून बाबूंनी लिहून घेतलं. काका येऊन माझ्या शेजारी बसले.

शेवटी इतिवृत्त सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं, असा नियम आहे. लोक उठू लागले होते. बाबू भराभर वाचत गेले आणि काकांच्या नावापुढे त्यांनी वाचलं, “इन्होंने कारखाने के आसपास वृक्षारोपण का सुझाव दिया.” बहुतेक प्रत्येक सुनावणीत कोणीतरी झाडं लावायला सांगतंच, बाबूंच्या हाताला तेच वळण असावं.

काका ताडकन उठले. “साहेब—” एवढंच निघालं आणि त्यांना खोकला आला. तो गिरणीतला जुना खोकला, एकदा सुरू झाला की थांबत नाही. अध्यक्षांनी पाणी द्यायला सांगितलं, माणूस पाणी घेऊन आला, आणि तेवढ्यात बाबूंनी पुढचं नाव वाचलंही. काका खाली बसले. त्यांनी अहवाल मिटला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि घशातल्या घशात म्हणाले, “राहू दे बेटा. झाडं तर झाडं.”

फाटकाच्या रंगासाठी साठ दिवस थांबलेल्या माणसाच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मी वाट पाहिली, की ते पुन्हा उठतील. ते चष्मा पुसत राहिले. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं, कागद सहीसाठी पुढे ओढला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, म्हणजे मी उभी राहिले होते.

“सर, इन्होंने पेड़ का नहीं बोला,” मी म्हणाले. “कोयले का पूछा है. वो लाइन काटिए, सवाल लिखिए और फिर से पढ़िए. हम दोनों रुके हैं.”