क्रुसाचा कोळी

वसईजवळच्या पापडीच्या बॅप्टिस्टला कोळ्यांचं भारी वेड. काळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि सोनेरी धागा, तो रानकोळी. पाठीला काटे, तो शिंगाड्या. आणि रुपेरी-पिवळ्या पट्ट्यांचा, जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढून बसणारा, तो क्रुसाचा कोळी. ते जाळं त्यांच्या घरात कुणी मोडत नसे. वाडीत फुलं तोडताना त्याची बायको रीटासुद्धा वाकून खालून जायची.

नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या तोंडावर गजऱ्याच्या कागड्यावर, त्या जाईसारख्या पांढऱ्या फुलांच्या झाडांवर, अळी पडली. दुकानदाराने जालीम औषध दिलं. बॅप्टिस्टने संध्याकाळी ते फवारलं, क्रुसाची जाळी तेवढी वगळून. केवढी ही भक्ती! सकाळी रीटाने तीच फुलं उघड्या हातांनी खुडली आणि नेहमीसारखा दोरा दातांत धरून गजरे बांधले.

थोड्याच दिवसांत जाळी बिघडली. फुलीचा एक हात गायब, धागे भलतीकडेच गेलेले.

"हा दुसराच कोळी," बॅप्टिस्ट खूश होऊन म्हणाला. "नवी जात आली वाडीत."

"पाठ बघा ना त्याची," रीटा म्हणाली. "पट्टे तेच हायेत. पाय बघा कसे थरथरतात."

"क्रूस नाही तर तो आपला नाही."

पाठीवरची खूण डोळ्यांसमोर असताना जाळ्यावरून जात ठरवणाऱ्या या माणसापुढे कुणी डोकं फोडावं? आता नव्या जातीची भीड कशाला, म्हणून पुढच्या वेळी त्याने एकही जाळं वगळलं नाही.

रीटाचं डोकं ठणकू लागलं, तोंडात सारखी लाळ येऊ लागली. "पित्त असेल," तो म्हणाला. वाडीतले कोळी पाय आखडून जाळ्यातच लटकले होते. ते बघून रीटा झाडापाशी थबकली. पण ऐन दिवाळीची फुलं तोडणार कोण?

एका सकाळी ती गजरे बांधता बांधता कोसळली. छाती घरघरत होती, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "फवारता काय तुम्ही? बाटली आणा आधी!"

बॅप्टिस्ट धावत वाडीत आला. पंपाजवळची बाटली उचलताना त्याला रडू फुटलं. समोर कळी न् कळी उमलली होती. एकाही पाकळीला अळी नव्हती, एकाही फुलावर माशी नव्हती. इतका स्वच्छ कागडा त्या वाडीत कधीच फुलला नव्हता.