पदवीची काच आणि झिपरू मिस्त्री

झिपरू मिस्त्रीकडे मी पहिल्यांदा गेले ती माझ्याच मुलाविरुद्ध कट करायला.

अभयकुमार माझा थोरला. नाव सासूबाईंनी ठेवलं, आणि घरातली सगळी भीती माझ्या वाट्याला आली. मुलगा एकवीस वर्षांचा झाला तरी तो झाडावर चढलाय असंच मला वाटत असतं. त्याने पिंप्राळ्याच्या एका दूधवाल्याकडून जुनी राजदूत घेतली, तेव्हा मी आठवडाभर जेवले नाही. म्हणजे जेवले, पण चवीने नाही. गाडीला दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी आकडे होते आणि सीटला ताकाचा वास होता. इथपर्यंत ठीक होतं. पण १९७० सालच्या दिवाळीनंतर तो एक छापील पत्रक घेऊन आला. धुळ्याच्या हौशी मंडळाने जानेवारीत मोटरसायकलींची शर्यत ठेवली होती. गावाबाहेरच्या माळावर रोलर फिरवून मैलभराचा गोल, दोनशे सीसीच्या आतल्या गाड्या, दहा फेऱ्या.

"दुकानात गिऱ्हाईक आलं तर हा गादीवरून उठत नाही," हे म्हणाले. "हा काय पळणार? जाऊ द्या त्याला."

यांचं जळगावात कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक गेलं तरी परत येतं असा यांचा अनुभव. मुलाचं तसं नसतं. मी दुसऱ्याच दुपारी डोक्यावरचा पदर सावरत पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाजवळ गेले.

तिथे कडुनिंबाखाली झिपरू मिस्त्रीचं दुकान. पत्र्याचं छप्पर, एक बाक, आणि दोरीवर वाळत घातलेल्या सायकलच्या ट्यूब. मिस्त्री पन्नाशीचे, काटकुळे, कानात विडीचं थोटूक खोवलेलं. एका फटफटीच्या इंजिनावर बांबूची काडी टेकवून दुसरं टोक कानाला लावून ते बसले होते. मी दहा मिनिटं उभी होते. शेवटी काडी बाजूला ठेवून ते म्हणाले, "पोटात वात शे. बसा अक्का."

झिपरूभाऊ मूळचे धरणगावचे. वीस वर्षं तिथल्या एका जिनिंगमध्ये इंजिनवर होते. माझ्याशी बोलताना ते शहरी मराठी बोलत, पण राग आला की किंवा माया आली की गाडी खानदेशीवर घसरायची.

मी सरळच सांगितलं. "अभयची गाडी तुमच्याकडे येणार आहे. ती जरा हळू करा. त्याला कळू देऊ नका."

मला वाटलं, हसतील किंवा चिडतील. त्यांनी कानातलं थोटूक काढलं, बघितलं, परत खोवलं.

"इंजिनला खोटं बोलायला शिकवता येत नाही, अक्का. पण दुसरं एक करता येईल. तुम्ही रोज दुपारी इथे या. काय करतो ते बघा. शर्यतीच्या दिवशीसुद्धा. ज्या घडीला तुम्ही 'नको' म्हणाल, त्या घडीला गाडी उभी. मी कारण विचारणार नाही."

"का विचारणार नाही?"

त्यांनी सांगितलं. जिनिंगमध्ये नर्मदाबाई नावाची एक बाई पट्ट्याजवळ सरकी भरायची. एकदा ती ओरडली, "बंद करा!" झिपरूभाऊ इंजिनवर होते. त्यांनी तिथून ओरडून विचारलं, "कसाले?" कशाला, एवढंच. तेवढ्या वेळात नर्मदाबाईची दोन बोटं गेली.

"तेव्हापासून कोणी थांब म्हटलं की मी थांबतो," ते म्हणाले. "विचारपूस मग."

मी घरी आले. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मग महिनाभर माझ्या दुपारी कडुनिंबाखाली गेल्या. आधी आकडे उतरले, मग मडगार्ड, पुढचा दिवा, मागची सीट. गाडी दिवसेंदिवस उपास केल्यासारखी दिसायला लागली. सायलेन्सरमधून दूधवाल्याच्या काळातली सगळी काजळी निघाली. पिस्टनवरची काजळी भाऊ लोखंडाने खरवडत नसत, बांबूच्या कामटीने खरवडत. ओरखडा पडू नये म्हणून. मागचं दातेरी चक्र त्यांनी जास्त दातांचं बसवलं. वळणातून निघताना गाडी झटकन उचलली पाहिजे म्हणे. "आणि सरळ रस्त्यावर?" मी विचारलं. "सरळ रस्त्यावर तिची धाव जरा कमी होईल," ते म्हणाले. "तुम्हाला तेच पाहिजे होतं ना?"

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून सपाट करायचं ठरलं तेव्हा त्यांना एकदम सपाट, जाड काच हवी होती. काचेवर घासायची पेस्ट लावायची, हेड पालथं घालून गोल गोल फिरवायचं. बाजारातली काच त्यांना पसंत पडेना. अभय घरातल्या भिंती बघत फिरला आणि दिवाणखान्यात थांबला. तिथे माझी बी.एस्सी.ची पदवी टांगलेली आहे. रसायनशास्त्र, दुसरा वर्ग.

"बाई," तो म्हणाला. घरात मुलं मला बाईच म्हणतात. "ही काच सपाट आहे."

"अरे, ती माझी पदवी आहे!"

"पदवी राहू दे. काचच पाहिजे."

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आली. द्या."

झिपरूभाऊ चार दुपारी त्या काचेवर हेड घासत होते. इंजिनाला असे चार दिवस लागले. ब्रेकला त्यांनी बारा दिवस घेतले. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला आतून खडू लावायचा, चाक फिरवून ब्रेक दाबायचा, चाक काढून बघायचं, ब्रेकच्या लायनरवर जिथे पांढरं लागलं तिथे कानस मारायची, परत खडू. अभय कंटाळून जायचा.

"भाऊ, आपण पळायला चाललोय की थांबायला?"

"तू पळायला. मी थांबायला. अक्का बघायला. ज्याचं त्याने करायचं."

माझ्याकडेही एक काम आलं. या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. शर्यतीवाले एरंडेल घालतात, असं भाऊंनी एका मद्रासच्या ट्रक ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. इंजिन कितीही तापलं तरी ते तेल धरून ठेवतं म्हणे. एरंडेल आमच्या घरात बरणीने असतं. माझ्या तिन्ही मुलांची पोटं त्यावरच वाढली. मुलांच्या औषधासाठी घेतलेली काचेची मापनळीही होती. मी रोज दुपारी वीस भाग पेट्रोलला एक भाग एरंडेल मोजून, ढवळून द्यायचे आणि अभय लगेच गाडी घेऊन आसोद्याच्या रस्त्याला जायचा. तो गेला की भाऊ बांबूची काडी उगाच हातात फिरवत बसायचे, आणि मी नवकार म्हणत. तो आला की गाडीच्या मागून भजी तळल्याचा वास यायचा.

"बठ्ठं ठीक शे," भाऊ म्हणायचे, म्हणजे सगळं ठीक आहे. मला की स्वतःला, कोण जाणे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे, हेही, धुळ्याला माझ्या नणंदेकडे, राजकुंवरबाईंकडे उतरलो. गाडी कापसाच्या गाठींच्या ट्रकमधून आली. आमच्या जैन घरांत सूर्य मावळायच्या आत जेवणं आणि सगळी आवराआवर. मावळल्यावर चूल नाही, मग दिवा लावून पेट्रोल हाताळणं तर बोलायलाच नको. म्हणून मी दुसऱ्या दिवशीचं मिश्रणही उजेडातच करून ठेवलं, डाळ भिजत घालावी तसं. डबा घट्ट लावून अंगणात ठेवला. त्या रात्री धुळ्यात अशी थंडी होती की नणंदेच्या देवळीतलं खोबरेल दगड झालं.

सकाळी मी तो डबा मांडीवर घेऊन टांग्यात बसले. एक थेंब हिंदकळू दिला नाही. माळावर पोचल्यावर टाकीच्या तोंडाला पातळाचा तुकडा लावून मी स्वतः ओतलं. सावकाश, कढवलेलं तूप ओततो तसं, तळाचं तळाला राहू देत.

माळावर अर्धं धुळं लोटलं होतं. रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा, झाडावर माणसं. सात गाड्या होत्या. धुळ्याचे मगन मिस्त्री स्वतः तयार केलेल्या गाडीला टेकून उभे होते.

"काय झिपरूभाऊ, दूधवाल्याची गाडी आणली? दूध कोठे शे?"

"आधी शर्यत होऊ दे," भाऊ म्हणाले. "मग खरवस खा."

पण बोलताना ते प्लगची टोपी पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. जळगावात त्यांना सगळे सायकलचं पंक्चर काढणारा म्हणूनच ओळखत. या एका सकाळसाठी ते महिनाभर झटले होते.

गाड्या चुन्याच्या रेषेवर लागल्या. इंजिनं सुरू झाली. मी रिकामा डबा उचलायला वाकले. डबा रिकामा नव्हता. जड होता. मी आत पाहिलं. तळाशी बोटभर जाड, सोनेरी, मधासारखं एरंडेल निवांत बसलं होतं.

एरंडेल पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही. थंडीत तर मुळीच नाही. ताजं ढवळून लगेच वापरलं तर चालतं. रात्रभर ठेवलं तर खाली बसतं. हे मला माहीत असायला हवं होतं. रसायनशास्त्र, दुसरा वर्ग. वरचं निवळ पेट्रोल मी माझ्या हाताने, गाळून, मुलाच्या टाकीत घातलं होतं. तेलाशिवाय पिस्टन चिकटतो, मागचं चाक जागच्या जागी जाम होतं, आणि स्वार पुढे फेकला जातो. महिनाभर कडुनिंबाखाली बसून एवढं मला पाठ झालं होतं.

रेषेवरच्या माणसाने झेंडा वर उचलला होता. मी पळाले. पदर कुठे गेला माहीत नाही. तोंडातून दुसरं काही येईना.

"नको! भाऊ, नको!"

झिपरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दोन ढांगांत गाडी गाठली, एका हाताने पेट्रोलची चावी बंद केली, दुसऱ्याने प्लगची टोपी उपटली. इंजिन गचकून गप्प झालं. झेंडा खाली आला. सहा गाड्या धूळ उडवत गेल्या.

मगन मिस्त्री मोठ्याने हसले. "अरे, दूध नासलं!"

अभय गाडीवरून उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, शेवटी तू केलंसच ना? आणि भाऊ, तुम्हीसुद्धा?"

"त्यांनी नको म्हटलं," भाऊ म्हणाले.

"का म्हटलं ते तरी विचारा!"

"आता विचारतो. काय झालं, अक्का?"

मी डबा पुढे केला. भाऊंनी आत बोट घातलं, बोटाला लागलेलं तेल अंगठ्याने चोळलं, आणि ते खाली मातीत बसले. तसेच, मांडी घालून. "पाणी द्या रे कोणीतरी," एवढंच म्हणाले.

अभयने डब्यात पाहिलं. त्यालाही कळलं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, लहानपणी अंधारात उभा राहायचा तसा, खांद्याला खांदा लावून.

"चूक माझी," मी म्हणाले.

"डबा हलवून बघायचं काम मिस्त्रीचं," भाऊ उठत म्हणाले. "तुमच्या कॉलेजात ते कसाले शिकवतील? चला, टाकी रिकामी करा."

टाकीतलं सगळं परत डब्यात आलं. भाऊंनी डबा असा हलवला की बघणारे ताक घुसळणं सुरू झालं म्हणून ओरडले. परत टाकी भरली. मग भाऊंनी प्लगची टोपी हातात धरली आणि माझ्याकडे वळले.

"अक्का?"

इतरांची पाचवी फेरी सुरू झाली होती. बक्षीस गेलं होतं. मी "नको" म्हटलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता. अभय बुटाने माती उकरत होता. मला ते बारा दिवस आठवले. खडू, कानस, परत खडू.

"जाऊ द्या," मी म्हणाले.

गाडी निघाली आणि माळभर भज्यांचा वास पसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेक वासाला. अभयच्या तिसऱ्या फेरीत, बाभळीजवळच्या वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकून आडव्या झाल्या. धुळीचा लोट उठला आणि अभय सरळ त्या लोटात शिरला. मी डोळे मिटले नाहीत, एवढं सांगते. धूळ खाली बसली तेव्हा त्याची गाडी पडलेल्या गाडीपासून दोन हातांवर उभी होती. सरळ, न डगमगता. त्याने उतरून दोघांना उठवलं, त्यांना कपडे झटकायला मदत केली, आणि मग निवांत उरलेल्या फेऱ्या मारल्या. शेवटून पहिला आला.

मगन मिस्त्री गाडीजवळ आले. वाकून मागचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"झिपरूभाऊ, ब्रेक कसा बसवला?"

"शिकायला ये जळगावला. बारा दिवस लागतील. डबा घेऊन ये जेवणाचा."

परतीच्या ट्रकमध्ये अभय आणि भाऊ गाठींवर गाडी धरून बसले. हे माझ्याबरोबर एस.टी.त होते. एरंडोल आलं तेव्हा हे म्हणाले, "त्या माणसाने कारण विचारलं नाही हो. मी असतो तर विचारलं असतं."

पुढच्या आठवड्यात झिपरूभाऊ घरी आले. काच धुऊन, जुन्या धोतरात गुंडाळून आणली होती. दिवाणखान्यात यायला संकोचत होते, मी आग्रहाने बसवलं. काचेवर मध्यभागी हेडच्या आकाराचं एक करडं वर्तुळ उमटलं होतं. घासून गेलेलं, कायमचं.

"नवी बसवून देतो," ते म्हणाले.

मी तीच बसवली. वर्तुळ विद्यापीठाच्या शिक्क्यावर येतं, त्यामुळे शिक्का धूसर दिसतो. विषय आणि वर्ग मात्र स्पष्ट वाचता येतात. अभय म्हणतो, पुढच्या जानेवारीतही शर्यत आहे. मी एरंडेलाची बरणी पुन्हा भरून वरच्या फळीवर ठेवली आहे, आणि मापनळी तिच्या शेजारी.